कण्याचा घसारा कोण धरतो?

(कापूस आणि ज्वारीच्या जिल्ह्यांतून आलेल्या कार्यकर्त्यांच्या मीरा रोड येथील बैठकीत केलेले भाषण)



रात्रभर गाडीत बसून तुम्ही इथवर आलात. सकाळपासून आम्ही पाहतो आहोत, निम्मी सभा कमरेवर हात ठेवून उभी आहे आणि बसलेल्यांपैकी पुष्कळजण भिंत शोधताहेत. म्हणून भावाचा विषय दुपारच्या सत्रावर सोडून आम्ही पाठ, मान आणि खांदा यांवर बोलणार आहोत. हा विषय भावापासून फार लांबचा नाही, हे शेवटी तुमच्या लक्षात येईल.

आम्ही इथे मीरा रोडला राहतो, पण गाव सुटलेले नाही. उन्हाळा लागला, ज्वारी घरात आली, पऱ्हाटी उपटून झाली की आमच्या दोन खोल्यांत गावाकडची माणसे येतात. कुणाचा काका, कुणाची आत्या. "मुंबईच्या डॉक्टरला कंबर दाखवायची आहे." मग तपासण्या, मोठ्या यंत्रातला फोटो, इंजेक्शने, पट्टा. कापसाच्या दोन-तीन क्विंटलचे पैसे इथल्या रस्त्यावर जिरतात, आणि घरी गेल्यावर पहिल्याच पावसात कंबर पुन्हा धरते. आमच्यापैकी काहीजण व्यायाम आणि मालिश शिकवण्याचेच काम करतात. आम्ही डॉक्टर नाही. पण यातला बराचसा खर्च टळण्यासारखा असतो, एवढे रोज पाहून आम्हाला कळले आहे.

आधी दुखते ते का? आपल्या कण्यात मानेपासून कमरेपर्यंत २४ सुटे मणके आहेत आणि त्यांना २३ गाद्या आहेत. भोवती स्नायूंचे दोर आहेत. पाच किलोचे गाठोडे छातीशी धरून पाहा आणि तेच हात लांब करून धरून पाहा. वजन तेच, पण ओढ कितीतरी पट. कमरेतून वाकलेल्या माणसाचे सबंध धड असे लांब धरलेले ओझे असते, आणि ते पेलण्याचे काम कमरेचे दोर करतात. दहा मिनिटे वाकल्याने काही बिघडत नाही. निंदणीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत तसेच राहिले, तर दोर थकतात, आखडतात, गाठी धरतात. इथल्या लोकांचे दुखणे याच जातीचे आहे. मीरा रोडहून चर्चगेट सुमारे ४० किलोमीटर. लोकलच्या गर्दीत एका खांद्यावर पिशवी, एक हात कडीला, मान वाकडी, आणि मग दिवसभर खुर्चीत. शेत वेगळे, आखडणे तेच.

आता एक गोष्ट नीट ऐका. इथून जवळच भाईंदरच्या बाजूला मिठागरे आहेत. त्यातली पुष्कळ आता बंद पडली, पण ज्यांनी काम पाहिले त्यांना आठवेल, मिठागरातला मजूर मीठ ओढतो ते उभ्याने, लांब दांड्याला लावलेल्या लाकडी फळीने. आपले खुरपे वीतभर दांड्याचे. त्यामुळे बाई उकिडवी बसते नाहीतर कमरेत मोडते. दांडा वीतभरच असावा, असे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे?

अमेरिकेच्या कॅलिफोर्नियात हाच झगडा झाला. तिथे भाजीच्या शेतांत मजुरांना आखूड दांड्याची कुदळ दिली जाई. मजूर ताठ उभा राहिला की काम थांबले हे मुकादमाला लांबून दिसायचे, ही त्या कुदळीची मालकांना मोठी सोय होती. मजुरांचे पुढारी सीझर चावेझ यांनी स्वतः ती कुदळ चालवली होती आणि पाठीचे दुखणे त्यांना जन्मभर पुरले. प्रकरण कोर्टात गेले, डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, आणि १९७५ साली तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी ती कुदळ बंद झाली. म्हणजे पाठदुखी नशिबाने येत नाही, औजाराने येते, आणि औजार बदलता येते. आपल्याकडे तर मालकही आपण आणि मजूरही आपणच. अडवतो कोण?

तेव्हा पहिली गोष्ट कामाच्या रीतीची. सरकी टोबताना प्लॅस्टिकच्या नळीतून बी सोडले तर उभ्याने काम होते. दोन ओळींमधले तण सायकल डवऱ्याने काढा, खुरपे फक्त झाडाच्या बुडाशी वापरा. वेचणीत ओटी पोटाशी भरत गेली की ती पुढे ओढते आणि कंबर मागे ताणते. ओटी अर्धी भरली की रिकामी करा, झोळी असेल तर दोन्ही खांद्यांवर भार येईल अशी बांधा. फवारणीचा १६ लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या वर जातो. तो जमिनीवरून उचलून पाठीवर झोकू नका. बांधावर किंवा बैलगाडीवर ठेवून भरा आणि पाठ लावून उचला. दोन्ही पट्टे घ्या, पट्ट्याखाली कापडाची घडी ठेवा. लांब चालायचे असेल तर पंप अर्धाच भरा. फेऱ्या वाढतील, पण खांदा वाचेल. पोते उचलताना ते अंगाशी घ्या, गुडघे वाकवा, आणि उचललेल्या ओझ्यासकट कंबर पिळू नका. वळायचे ते पाय उचलून. पन्नास किलोला दोन माणसे लागतात. एकट्याने उचलण्यात मर्दुमकी नाही.

दुसरी गोष्ट ताणाची. शंभर वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रातच याचे काम सुरू झाले. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत योगाची संस्था काढली. ती आज सांताक्रूझला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढले आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे उपकरणे लावून तपासायला सुरुवात केली. आपल्याला त्यातले चार-पाच प्रकार पुरेत.

शेतात: तास संपले की खुरपे खाली ठेवा, उभे राहा, दोन्ही तळहात कमरेवर ठेवा आणि सावकाश मागे वाका. असे पाच-सहा वेळा. जो दिवसभर पुढे वाकतो त्याने मागे वाकलेच पाहिजे. मग खांदे वर, मागे, खाली असे दहा वेळा फिरवा.

घरी, सतरंजीवर: हातागुडघ्यांवर या. श्वास सोडत पाठ मांजरासारखी वर काढा, श्वास घेत खाली सोडा. दहा वेळा. मग उताणे पडून एकेक गुडघा छातीशी घ्या, वीस आकडे मोजेपर्यंत धरा. मग गुडघे दुमडून पाय जमिनीवर टेका, ढुंगण वर उचला, पाच आकडे धरा, खाली आणा. याने कमरेच्या दोरांना ताकद येते.

मानेसाठी: ताठ बसून हनुवटी सरळ मागे ओढा, पाच आकडे धरा. मग कान खांद्याकडे न्या, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मान गोल गरगर फिरवू नका. खांद्यासाठी दाराच्या चौकटीत दोन्ही हात कोपरात वाकवून टेका आणि छाती पुढे न्या.

ताण बसला पाहिजे, चमक निघता कामा नये. कळ पायात उतरू लागली तर तो प्रकार तिथेच सोडा. रोज दहा मिनिटे, सोंगणीच्या दिवसांतही.

तिसरी गोष्ट मालिशची. दुखणाऱ्याला पालथे झोपवा, पोटाखाली उशी द्या. तेल कोमट करा. तीळ, जवस, मोह, घरात असेल ते चालेल. गुण तेलापेक्षा हाताचा आहे. मणक्यांच्या हाडावर दाब देऊ नका, हाडाच्या दोन्ही बाजूंना तळहाताने कमरेपासून खांद्यापर्यंत सावकाश वर जा. गाठ लागेल तिथे अंगठा टेकवून तीस-चाळीस आकडे मोजेपर्यंत धरा. मग जाड्या मिठाची गरम पुरचुंडी करून शेका, आधी आपल्या मनगटावर लावून चटका पाहून घ्या. मालिशने आराम पडतो, झोप लागते, पण तो आराम काही दिवसांचा. टिकतो तो व्यायामाने आणि कामाची रीत बदलल्याने.

एक धोका आहे तो फवारणीचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उघडी पडली, ते तुम्ही पाहिले आहे. पंप गळतो, पाठ विषाने भिजते, आणि संध्याकाळी त्याच पाठीवर तेल चोळले तर आपण ते विष कातडीत मुरवतो. फवारून आल्यावर आधी साबणाने आंघोळ, कपडे वेगळे. मालिश दुसऱ्या दिवशी.

उसण भरली की पायाळू माणसाची लाथ, दुखऱ्या जागी बिब्बा, हजामतीनंतर मान कटकन मोडून घेणे, हे आपल्याकडे चालते. बिब्ब्याने कातडी भाजते आणि दुखणे तसेच राहते. लाथ ठिसूळ हाडाच्या म्हातारीला बसली तर मणका मोडेल. आणि मानेला झटका देण्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याचे प्रकार डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. ही तिन्ही सोडा.

डॉक्टरकडे कधी जायचे? लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या आत बधिरपणा आला, पायातली शक्ती कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. पडून मार लागल्यावर दुखू लागले, तर लगेच. पाठ आठवडेच्या आठवडे दुखते, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरते, तर मणक्याचा क्षय असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पूर्ण घेतले तर तो बरा होतो. यातले काही नसेल तर बहुतेक पाठदुखी काही आठवड्यांत उतरते. अंथरूण धरून बसू नका, झेपेल तेवढे हिंडत राहा. कळ थांबावी म्हणून दर आठवड्याला इंजेक्शन घेत राहिलात तर पोट आणि मूत्रपिंड धोक्यात येते. आणि मोठ्या फोटोत गादी सरकलेली दिसली म्हणून घाबरू नका. न दुखणाऱ्या पुष्कळ माणसांच्या फोटोतही ती तशीच दिसते.

आता मायबहिणींबद्दल. निंदणी त्यांची, वेचणी त्यांची, पाण्याचा हंडा त्यांचा, आणि रात्री धन्याची पाठ चोळायची तीही त्यांनीच. त्यांची पाठ कोण चोळतो? १९८६ साली चांदवडला लाखो शेतकरी बाया जमल्या, त्यांनी आपली दुःखे उघड मांडली. ते घराबाहेर बोलले गेले, आता घरात वागण्याची पाळी पुरुषांची आहे. हे भाषण गावात वाचून दाखवाल तेव्हा एवढे करा. त्या रात्री तेलाची वाटी पुरुषाने हातात घ्यावी.

शेवटी भावाकडे येतो. कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्च काढतो तेव्हा औजारांचा घसारा धरतो, गोठ्याचा, शेतातल्या बांधकामाचा घसारा धरतो. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली, तेव्हा खर्च धरला तो खिशातला आणि वर घरच्या माणसांची मजुरी. मजुरी म्हणजे त्या दिवसाची मजुरी. तीस वर्षे वाकून पन्नाशीत मोडलेल्या कण्याचा घसारा कुठल्याच रकान्यात नाही. लोखंडाचा पंप झिजतो हे सरकारला मान्य आहे, तो वाहणारी पाठ झिजते हे अजून मान्य नाही. घामाचे दाम आपण मागत आलो आहोत, त्यात या कण्याचेही दाम आहे.

तोवर प्रत्येक गावच्या बैठकीने तीन कामे करावीत. गावच्या लोहार-सुताराकडून लांब दांड्याची निदान पाच खुरपी करून घ्यावीत आणि बायांनी ती एक हंगाम वापरून त्यांत काय बदल हवा ते सांगावे. फवारणीच्या वेळी पंप ठेवायला बांधावर कमरेएवढे ओटे करावेत. आणि आठवडी बैठक सुरू होण्याआधी सगळ्यांनी उभे राहून दहा मिनिटे हे प्रकार करावेत. पुढच्या जिल्हा बैठकीत कुठल्या गावात किती खुरपी झाली, याचा हिशेब आम्ही मागणार आहोत.

चला, आता सगळे उभे राहा. हात कमरेवर. सावकाश मागे.