स्पीकर भिंतीवर चढतो तेव्हा



हे भाषण तुम्ही ज्या रेडिओवर ऐकताय, तो आत्ता ठेवलाय कुठे? फ्रिजवर असेल, ओट्याच्या कोपऱ्यात असेल. माझ्या आजोळी तो भिंतीवरच्या फळीवर असायचा, अंगावर मामीने विणलेला क्रोशाचा रुमाल घेऊन. फळी उंच, कारण मुलांचा हात पोचायला नको. आवाज एकाच पेटीतून यायचा, तेव्हा तो उंचावरून आला काय आणि खालून आला काय, बातम्या त्याच.

होम थिएटरला हे चालत नाही. घरं सजवण्याच्या कामात मी पहिल्यांदा स्पीकर लावून घेतले, ते सात फुटांवर, मंगल कार्यालयात असतात तसे. दिसायला छान, पण चित्रपट सुरू झाला आणि नायिका पडद्यावर बोलतेय, आवाज मात्र पंख्याजवळून येतोय. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे कान जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात. स्पीकरमधला छोटा भोंगा, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो समोरच्या दोन स्पीकरमध्ये याच उंचीच्या आसपास हवा. मागचे स्पीकर थोडे वर गेले तरी चालतात, समोरचे नाही.

गेल्या वर्षी कोथरूडमधल्या एका घरी गेले. काका नाट्यसंगीताचे वेडे, त्यातून चिरंजीवांनी मोठे स्पीकर भेट दिलेले. एकेक दोन फूट उंच, चौदा किलो वजनाचा. काकूंनी दारातच सांगितलं, "ताई, ही धुडं माझ्या हॉलमध्ये कपाटासारखी उभी राहणार नाहीत." मग उरली भिंत.

आपण भिंतीला खुंटी समजतो. वस्तू अडकवायची आणि विसरून जायचं. पण स्पीकर अडकवला की भिंतही वाजायला लागते. खर्जातला आवाज डब्याच्या समोरूनच जातो असं नाही, तो चहूबाजूंनी पसरतो, मागच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढे निघालेल्या आवाजाला गाठतो. स्पीकरचं तोंड भिंतीपासून तीस सेंटीमीटर पुढे असेल, तर हा हेलपाटा साठ सेंटीमीटरचा होतो. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर धावतो. हिशेब केला तर 285 हर्ट्झच्या आसपासचा सूर परत येताना नेमका उलटा होऊन येतो आणि मूळ सुराला खाऊन टाकतो. हा माणसाच्या गळ्याचा ऐन पट्टा. काकांच्या गायकाचा आवाज पोकळ का लागतो, तर भिंत मधल्या मधे घास घेते म्हणून.

स्टुडिओवाले यावर नामी उपाय करतात. मोठे स्पीकर भिंतीतच बसवतात, तोंड भिंतीच्या पातळीत. मागे जायला जागाच नाही, तर परत येणार कोण? घरात भिंत फोडता येत नाही, पण उथळ खोक्याचा, बंद पाठीचा स्पीकर घेता येतो. पाठीला हवेचं भोक असलेला भिंतीला चिकटवला की घुमतो. काकांच्या स्पीकरना नेमकं तेच भोक होतं. तिथे फोमचा बोळा बसवला आणि ऍम्प्लिफायरवर 80 हर्ट्झखालचा सगळा खर्ज जमिनीवरच्या सबवूफरकडे वळवला. घुमणं निम्म्याने तरी कमी झालं.

वाद्य आणि स्पीकर यांच्यातला एक फरक मला फार आवडतो. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा बोलण्यासाठीच असतो. स्पीकरच्या खोक्याने मात्र गप्प बसायचं असतं. खोकं थरथरलं तर ती थरथर ब्रॅकेटमधून भिंतीत उतरते, आणि भिंत साडेचार इंची असली तर शेजारचे काका रात्री दहाला बेल वाजवतात. म्हणून ब्रॅकेट आणि खोक्याच्या मधे रबराची चकती घालायचीच. पाच-दहा रुपयांची वस्तू, आणि तीच सगळे विसरतात.

आता वजन. लोक मला विचारतात, चौदा किलो खिळ्याला पेलतील का? खाली ओढणारं वजन भिंत सहज पेलते. स्पीकर पुढे झुकून ब्रॅकेट वरच्या बाजूने उपटायला बघतो, खरी भीती त्याची. समजा खोक्याचा तोल भिंतीपासून सतरा सेंटीमीटर पुढे आहे आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या स्क्रूंमध्ये वीस सेंटीमीटरचं अंतर, तर वरच्या स्क्रूंवर बाहेर ओढणारा जोर बारा किलोच्या आसपास. फिरत्या लांब दांडीचा ब्रॅकेट घेतलात, तोल तीस सेंटीमीटरवर गेला आणि स्क्रूंमधलं अंतर फक्त दहा, तर तोच स्पीकर बेचाळीस किलोने खेचतो. म्हणून ब्रॅकेट उंच घ्या आणि दांडी आखूड.

भिंत कशाची आहे हेही पाहावं लागतं. बोटाच्या पेराने ठोकून बघा. जुन्या विटेची भिंत घट्ट, कोरडा आवाज देते. हल्लीच्या इमारतीत हलक्या ब्लॉकची भिंत असते, वजनाला विटेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि ती थोडी बदबद वाजते. तिथे ड्रिल ठोकत चालवलं की भोकाच्या कडा भुरभुरतात. हातोडीची कळ बंद करून नुसतं फिरवत भोक पाडायचं आणि अशा ब्लॉकसाठी मिळतो तो लांब, पसरणारा प्लगच घालायचा. जिप्समच्या पोकळ भिंतीवर मी मोठा स्पीकर टांगतच नाही, आग्रह झाला तरी.

वायर हा सौंदर्याचा खरा शत्रू. स्पीकर कितीही देखणा असो, खाली काळी वायर लोंबत असली की तो सलाइन लावलेल्या पेशंटसारखा दिसतो. रंगकामाच्या आधी झिरी मारून पाइप घालून ठेवावा, विजेच्या पाइपातून मात्र स्पीकरची वायर नेऊ नये. रंग झाला असेल तर चपटी पट्टी घेऊन तिला भिंतीचाच रंग द्यायचा. काँक्रीटचा खांब किंवा काँक्रीटची भिंत मात्र झिरीसाठी खोदायची नाही, कुणी कितीही हुशारी सांगितली तरी.

काकूंना काळ्या जाळीऐवजी खणाचं कापड हवं होतं. मी म्हटलं, तोंडाशी धरून फुंकर मारून बघा. फुंकर आरपार गेली तर आवाज जातो. खण दाट विणीचा, फुंकर अडली. शेवटी विरळ विणीचं मातकट सुती कापड चौकटीवर ताणून बसवलं, आणि दोन्ही बाजूंना सागाची दोन-दोन इंची पट्टी उभी लावली. जुन्या वाड्यातल्या कोनाड्याची आठवण यावी इतपत. दोन्ही स्पीकर आणि काकांची खुर्ची असा नऊ-नऊ फुटांचा त्रिकोण जमला, आणि स्पीकरची तोंडं थोडी आत वळवली.

स्पीकर चढवण्याआधी मिस्त्रींनी दोन्ही हातांनी ब्रॅकेटला धरून स्वतःला लोंबकळवलं. मी डोळे मिटले. काहीच झालं नाही.

निघताना काकूंना तीनदा बजावलं होतं, दोन्ही स्पीकरच्या मधली भिंत मोकळी राहू दे, तिथे काही लटकवू नका. परवा सहज डोकावले. घड्याळ लागलेलं होतं, लंबकाचं, आणि ताशी टोल देणारं.