विजेचा उपचार आणि आकडीचा कस

'शॉक' हा शब्द कानीं पडतांच सुशिक्षित घरांतहि क्षणभर शांतता पसरते. घरांतील एखादें माणूस महिनोन्‌महिने खिन्नतेंत बुडालेलें असतें, अन्न टाकतें, जीव नकोसा झाला म्हणतें. औषधें हरतात आणि डॉक्टर विजेचा उपचार सुचवितात. अशा वेळीं कोणीतरी सांगतें, 'अमक्याला दिला होता. कांहीं गुण आला नाहीं.' गुण न येण्याचीं कारणें अनेक असतात. त्यांतील एक फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं, तें म्हणजे वीज दिली गेली, परंतु आकडी हवी तशी आली नाहीं.

इ. स. 1934 मध्यें बुडापेस्ट येथें मेदुना या डॉक्टरांनीं कापूर टोंचून मनोरुग्णांत आकडी आणली. 1938 च्या एप्रिलांत रोम येथें चेर्लेत्ती आणि बीनी यांनीं त्याच हेतूनें विजेचा उपयोग केला. रेल्वे स्टेशनावर भ्रमिष्ट स्थितींत सांपडलेला एक मनुष्य हा त्यांचा पहिला रोगी. पहिला प्रवाह अपुरा पडला. आकडी न येतां तो मोठ्यानें गाऊं लागला. पुन्हा प्रवाह देण्याचें बोलणें ऐकून त्यानें स्पष्ट नकार दिला, असें चेर्लेत्ती यांनींच पुढें लिहिलें आहे. तरीहि अधिक जोराचा प्रवाह देण्यांत आला आणि पूर्ण आकडी आली.

या प्रसंगानें एक गोष्ट शिकविली. वीज ही ठिणगी आहे. गुण देणारी आंच निराळी. सरपण ओलें असेल, तर काड्यांची पेटी रिकामी केली तरी चूल धडपणें पेटत नाहीं. स्वीडनमध्यें ओट्टोसन यांनीं 1960 मध्यें हेंच दाखविलें. कांहीं रोग्यांची आकडी त्यांनीं एका औषधानें आंखूड केली, तेव्हां त्यांना गुणहि कमी आला.

मग आकडी लांबली कीं काम झालें काय? तसेंहि नाहीं. 1993 मध्यें न्यूयॉर्क येथें सॅकीम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. उजव्या बाजूनें जेमतेम पुरेल इतकीच वीज दिलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा 17 जणांना गुण आला. दोन्ही बाजूंनीं तितकीच बेताची वीज दिलेल्यांत शेंकडा 65 जणांना आला. आकडी दोन्हींकडे पुरेशी लांब होती. उणें होतें तें तिच्या कसांत.

हा कस कशानें ठरतो? प्रत्येक मेंदूचा एक उंबरठा असतो. तो ओलांडणारी वीज मिळाल्यावांचून आकडी येत नाहीं. वाढत्या वयाबरोबर हा उंबरठा उंच होतो. पुरुषांत तो सामान्यतः स्त्रियांपेक्षां उंच असतो. उपचाराच्या फेऱ्या होत जातात तसतसा तो आणखी चढतो. म्हणून पहिल्या दिवशीं पुरलेली मात्रा सहाव्या दिवशीं पुरेलच असें नाहीं. उजव्या बाजूच्या उपचाराला उंबरठ्याच्या कांहीं पट वीज लागते. दोन्ही बाजूंच्या उपचाराला कमी पट पुरते. पण त्यानें स्मरणशक्तीला अधिक धक्का बसतो. सबब मात्रा वाढविणें हेंहि तारतम्याचें काम आहे.

भुलेच्या औषधाचाहि मोठा वांटा असतो. प्रोपोफॉल आकडी आंखूड करतें. केटामीन तसें करीत नाहीं. भूल फार गडद असतांना वीज दिली, तर आकडी दुबळी येते. म्हणून कुशल डॉक्टर भूल बेताची ठेवतात, योग्य क्षणाची वाट पाहतात, आणि आधीं प्राणवायु देऊन रोग्याचा श्वास जलद चालवितात. त्यायोगें रक्तांतील कार्बन डायॉक्साइड घटतो व आकडी चांगली भरते. कपाळाची त्वचा तेलकट राहिली किंवा पट्ट्या नीट बसल्या नाहींत, तर तेंहि बाधतें.

स्नायू सैल केलेले असल्यामुळें शरीर फारसें हालत नाहीं. म्हणून एका पायाला रक्तदाबाचा पट्टा आंवळून तेथें तें औषध पोंचूं देत नाहींत, आणि त्या पावलाची हालचाल पाहतात. खरी साक्ष मात्र मेंदूच्या आलेखाची. उंच, नियमित, दोन्ही बाजूंना सारख्या लाटा उठाव्या आणि शेवटीं एकाएकीं सामसूम व्हावी, ही कसदार आकडीची खूण. नाडीहि त्या वेळीं जोरानें धांवते. फार लांबलेली आकडी मात्र औषधानें थांबवावी लागते.

यांत घरच्या मंडळींचेंहि एक कर्तव्य आहे. झोंपेच्या व चिंतेवरच्या पुष्कळशा गोळ्या आणि अपस्माराचीं औषधें आकडीला दडपतात. रात्रीं झोंप येत नाहीं म्हणून मायेनें दिलेली एखादी गोळी सकाळचा उपचार फुकट घालवूं शकते. रोगी काय काय घेतो, हें डॉक्टरांना न लपवितां सांगावें. आणि त्यांच्या सल्ल्यावांचून गोळ्या एकदम बंदहि करूं नयेत.

भारतांत 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें भूल व स्नायू सैल करणारें औषध दिल्यावांचून हा उपचार करण्यास मनाई केली आहे. रोमच्या त्या अनामिकाचा नकार कोणीं ऐकला नाहीं. आज रोग्याला आधीं विचारावें, समजावून सांगावें, आणि त्यानें मान डोलावल्यावर त्याच्या वांट्याला येणारी प्रत्येक आकडी कसाची असेल याची काळजी घ्यावी. संमति देऊनहि निष्काळजीपणानें निष्फळ उपचार भोगावा लागणें, हा त्या दुःखी जिवावर दुहेरी अन्याय होय.