बालहट्ट आणि बाजार



‘बालहट्ट’ हा शब्द मराठीत जुना आहे. जत्रेत पिपाणी दिसली की मूल अडून बसे. आईवडील समजूत घालीत, नाही तर पिपाणी घेऊन देत. जत्रा मात्र वर्षातून एकदाच येई. आता ती घरातच भरलेली असते. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या, आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिवसभर मुलांना वस्तू दाखविल्या जातात.

पाच वर्षांच्या मुलाला गोष्ट कोठे संपली व विक्री कोठे सुरू झाली, हे उमगत नाही. व्यंगचित्रपटातील लाडके पात्र बिस्किटाच्या वेष्टनावर येते. पाच रुपयांच्या पुडीत खेळणे असते. मुलाला हवे असते ते खेळणे. पोटात जाते मीठ, तेल आणि साखर. मागणी मुलाची आणि पैसे आईबापांचे, अशी ही मांडणी आहे.

पालकांची अडचण

काही पालक रडणे थांबावे म्हणून वस्तू देतात. रडले की मिळते, हा धडा मूल त्यातून शिकते. काही रागावतात, मूल गप्प होते, इच्छा जात नाही. थोडे पालक शेजारी बसून जाहिरात पाहतात व ती कशासाठी आहे हे सांगतात. ही रीत उत्तम खरी; परंतु दिवसभर मजुरी करून आलेल्या आईकडून रोज तिची अपेक्षा करणे न्याय्य नव्हे. तिच्या ‘नाही’ला कायद्याचे व गावाचे पाठबळ हवे.

कायदा काय सांगतो

कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९८० पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करण्यास बंदी आहे. भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी झाली. ‘आईवडिलांकडे माग’ असे मुलांना थेट सांगणे, वस्तू नसेल तर इतर मुले हसतील असे सुचविणे, मुलांच्या कार्यक्रमात चिप्स व शीतपेयांची जाहिरात करणे यांस मनाई आहे. अन्नसुरक्षेच्या २०२० च्या विनियमांनुसार जादा चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत विद्यार्थ्यांना विकता येत नाहीत.

हे ५० मीटर मोजावयास मुंबईहून कोणी येणार नाही. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामपंचायत यांनीच ते मोजावयाचे आहेत. दुकानदारही गावचाच असतो; नोटिशीपूर्वी त्याला फुटाणे, शेंगदाणे, केळी ठेवण्यास सांगून पाहावे. शिक्षकांनी वर्गात एखादे वेष्टन वाचून घ्यावे : वजन किती, किंमत किती, साखर किती. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते.

मूल हट्ट करणारच. तो त्याचा स्वतःचा असावा, बाजाराने पढविलेला नसावा, एवढी काळजी वडीलधाऱ्यांनी घ्यावयाची आहे.