जीवशास्त्राच्या तासाला गटाने करावयाची सादरीकरणे
(शिक्षक शिबिरातील भाषण)



मुंबई उपनगर जिल्ह्याला जिल्हा परिषद नाही, हे आपणांस ठाऊक आहेच. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील सार्वजनिक प्राथमिक शाळा महानगरपालिका चालविते. त्या बाजूच्या माणसाने आपणांपुढे येऊन मोबाइल आणि संगणक यांविषयी बोलावे, म्हणजे शहराने साधलेले आता खेड्याला शिकविले जाणार, असे कोणास वाटले असल्यास नवल नाही. माझा हेतू जवळजवळ उलटा आहे. जी सजीव सृष्टी पाहावयास शहरातील शाळेला परवानगी, बस आणि रविवार लागतो, ती आपल्या शाळेच्या कुंपणाशी उभी असते. साधनांचे म्हणाल तर, सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला त्यात पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड देण्याच्या कामाचा मोठा वाटा होता. तेव्हा साधने शहराची आणि सृष्टी खेड्याची, ही वाटणी आता उरलेली नाही.

उपनगरांतील सादरीकरण बहुधा कसे होते ते प्रथम सांगतो. सहा मुलांचा गट असतो. विषय, समजा, 'पक्ष्यांच्या चोची'. ज्याच्या घरी संगणक आहे तो मुलगा, किंवा खरे सांगावयाचे तर त्याचे वडील, वीस स्लाइड्स तयार करतात. त्यांत पेंग्विन असतो, शहामृग असतो, अक्षरे फिरत फिरत पडद्यावर येतात. उरलेली पाच मुले एकेक ओळ वाचून खाली बसतात. टाळ्या होतात. आणि त्याच वेळी मुलुंड-भांडुपच्या पूर्वेला ठाण्याच्या खाडीत हजारो रोहित पक्षी चिखलात चोच बुडवून उभे असतात. त्यांतला एकही त्या पडद्यावर येत नाही.

या रोहित पक्ष्याकडे, ज्याला आपण अग्निपंखही म्हणतो, थोडे थांबून पाहू. ठाणे खाडीतील सुमारे 1,690 हेक्टर क्षेत्र 2015 साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले आणि 2022 साली खाडीला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. हा पक्षी चोच उलटी धरून खातो. जीभ पंपासारखी चालवून तो पाणी आत ओढतो व बाहेर टाकतो, आणि चोचीच्या कडांवरील बारीक फणीसारख्या रचनेत शेवाळ व सूक्ष्म जीव अडकून राहतात. पिल्लू करड्या रंगाचे असते. गुलाबी रंग पुढे अन्नातून येतो. आता हे मुलांनी कसे सादर करावे? एका गटाने चहाची गाळणी, हिरवे शेवाळ मिसळलेले पाणी आणि औषधाची रिकामी पिचकारी घ्यावी, आणि पाणी गाळणीतून जाताना मोबाइलच्या मंदगती चित्रणात ते टिपावे. अर्ध्या मिनिटाचे चित्रण पुरे. गाळणीत काय उरले आणि खाली काय गेले, हे मुले स्वतः बोलून सांगतील. ज्या गावी रोहित येत नाही तेथे बदक आहे. त्याच्या चोचीच्या कडाही गाळणीचेच काम करतात.

दुसरे उदाहरण बोरिवलीचे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या लगतच्या भागात 2015 च्या अभ्यासात स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने 35 बिबटे ओळखण्यात आले. ओळखले कशावरून? अंगावरील ठिपक्यांवरून. दोन बिबट्यांची नक्षी सारखी नसते. इतकेच नव्हे, एकाच बिबट्याची डावी व उजवी कूसही सारखी नसते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधावे लागतात. आपल्या वर्गाला बिबट्या नको. तो आपण होऊन आला तर गोष्ट वेगळी. गावातील बांड्या गाई आणि ठिपक्यांच्या शेळ्या पुरेत. एका गटाने दहा शेळ्यांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, दुसऱ्या गटाला मिसळून द्यावीत, आणि कोणती डावी बाजू कोणत्या उजव्या बाजूची हे शोधावयास सांगावे. हे कोडे सहसा सुटणार नाही, आणि का सुटत नाही हाच त्या दिवसाचा पाठ होय.

आणि येथे माझ्या मते मुख्य प्रश्न उभा राहतो: मोबाइल कोणाच्या हाती असावा? शेळी कोणाची, ती काय खाते, कोणता पाला तोंडात धरून टाकून देते, हे ज्या मुलाला ठाऊक आहे त्याच्या घरी बहुधा चांगला मोबाइल नसतो. मोबाइल ज्याचा, त्याचे सादरीकरण, असा अलिखित नियम होऊन बसला तर जाणते मूल मुके होते आणि वर्गाचे ज्ञान निम्मे होते. म्हणून गटाला साधन एकच द्यावे, तेही शाळेचे किंवा शिक्षकाचे, आणि ते आळीपाळीने फिरवावे. काय टिपावे हे सांगण्याचा मान मात्र वस्तू ओळखणाऱ्या मुलाचा असावा. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविल्या. शाळाच कुरणावर गेली. मोबाइल कुरणावर नेणे त्याहून पुष्कळ सोपे आहे.

आणखी काही प्रयोग थोडक्यात सांगतो. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडावर मॉरमॉन फुलपाखराची अळी मिळते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठेपणी हिरवी होते. पुस्तकातील चित्रांत ही पहिली अवस्था क्वचितच असते. मुलांनी ती रोज पाहावी, मातीत तिच्या अवस्था घडवाव्या आणि मोबाइल स्टुलावर घट्ट बांधून एकेक छायाचित्र घेत मातीचे चलत्‌चित्र करावे. एका सेकंदाला बारा छायाचित्रे धरली तर दहा सेकंदांना एकशेवीस लागतात. सहा जणांच्या गटाला प्रत्येकी वीस वेळा माती हलवावी लागते, त्यामुळे कोणी रिकामा राहत नाही. जूनमध्ये बेडकांचे आवाज ध्वनिमुद्रित करावे. ओरडतात ते बहुतेक नर, आणि प्रत्येक जातीचा आवाज निराळा. अशा सादरीकरणाला पडदा लागत नाही, दिवे मालवले तरी चालते. वीज गेली असता तर ते अधिकच रंगते.

सर्व सामग्री जुळविण्यास गूगल स्लाइड्स सोयीचे, कारण एकच फाइल अनेकांना मिळून लिहिता येते. जेथे इंटरनेट टिकत नाही तेथे लिबरऑफिस इम्प्रेस विनामूल्य मिळते व जोडणीवाचून चालते. स्लाइड्स सहाच असाव्यात आणि प्रत्येकीवर मुलांनी स्वतः घेतलेले एक तरी चित्र असावे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काढून घेतलेली चित्रे हल्ली सहज मिळतात. त्यांना माझी सरसकट बंदी नाही, पण कोळ्याचे चित्र आले तर मुलांनी त्याचे पाय मोजावेत. आठ भरले नाहीत तर तेच चित्र 'यंत्र कोठे चुकले' या नावाखाली सादर करावे. वनस्पतीचे वा कीटकाचे नाव ओळखावयास आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी छायाचित्र घालावयाचे असल्यास ते शिक्षकाने आपल्या खात्यावरून घालावे, आणि मुलांचे चेहरे त्यात येऊ देऊ नयेत.

छायाचित्रे जपून ठेवण्याविषयी एक सांगावयाचे आहे. बोरिवलीच्या उद्यानात कारवी 2008, 2016 आणि 2024 साली फुलली. आठ वर्षांनी एकदा सारा डोंगर जांभळा होतो, झुडूप बी धरते आणि मरते. सह्याद्रीत सर्वत्र एकच साल नसते. आपल्या डोंगराचे साल कोणते हे कुडाच्या भिंतीसाठी कारवी तोडून आणणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे, आणि त्यांचे उत्तर त्यांच्याच आवाजात मुलांनी मुद्रित करावे. बोरिवलीची पुढची पाळी 2032 साली येईल. आज पहिलीत बसणारी मुले तेव्हा सातवी-आठवीत असतील. तोवर आपली बदली झालेली असेल. म्हणून प्रत्येक फाइलीच्या नावात गाव, जागा आणि तारीख घालावी, तिच्या दोन प्रती कराव्या, आणि त्यांतील एक शाळेच्या दप्तरी नोंद करून ठेवावी.