चार रुग्णांचं पत्र



31 डिसेंबर 1960 च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटंसं पत्र छापून आलं. लिहिणारे डॉ. लेस्ली फ्लॉरेन्स स्कॉटलंडमधले साधे फॅमिली डॉक्टर. त्यांच्या चार रुग्णांच्या पायांना मुंग्या येत होत्या, पुढे हातांनाही येऊ लागल्या. हातपाय गार पडत, बोटं पांढुरकी दिसत, रात्री पोटऱ्यांत गोळे येत. चौघंही दीड-दोन वर्षं झोपताना थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाची 100 मिलिग्रॅमची मात्रा घेत होते. ती थांबवल्यावर बराच उतार पडला, तरी त्रास पुरता गेला नाही. हे या औषधामुळे तर होत नसेल ना, एवढंच डॉक्टरांनी विचारलं होतं.

चार रुग्णांवरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांनाही ठाऊक असणारच. तरी त्यांनी लिहिलं, आणि मला त्याचं फार मोल वाटतं. कारण हेच औषध अमेरिकेत विकायची परवानगी मागणारा अर्ज तेव्हा तिथल्या औषध प्रशासनात डॉ. फ्रान्सिस केल्सी यांच्या टेबलावर होता. त्या नोकरीत नव्या होत्या आणि कंपनीचा तगादा चालूच होता. फेब्रुवारी 1961 मध्ये हे पत्र त्यांच्या वाचनात आलं. नसांना इजा होते हे कंपनीनं आपल्याला का कळवलं नाही, असा जाब त्यांनी विचारला. पुढचा प्रश्न त्याहून मोलाचा होता: मोठ्या माणसाच्या नसांचं हे होत असेल, तर पोटातल्या बाळाचं काय? महायुद्धाच्या काळात सशांवर काम करताना त्यांनी पाहिलं होतं, की मोठा ससा क्विनिनचा झटपट निचरा करतो, गर्भातल्या पिल्लाला ते जमत नाही.

परवानगी अडली ती अडलीच. नोव्हेंबर 1961 मध्ये हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी बाळांच्या खुरटलेल्या हातापायांचा संबंध थॅलिडोमाइडशी जोडला, सिडनीच्या विल्यम मॅकब्राइड यांचं पत्रही पाठोपाठ आलं. तोवर जगभरात दहा हजारांवर मुलांना त्याचा फटका बसला होता. अमेरिका मात्र बव्हंशी वाचली.

असं कळवण्याची सोय आपल्याकडेही आहे. औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला, त्याचं केंद्र गाझियाबादला आहे. तिथे जमलेल्या नोंदींवरूनच 2023 च्या अखेरीस मेफेनॅमिक ॲसिडबद्दल इशारा निघाला. पाळीच्या दुखण्यावर किती घरांत ही गोळी सर्रास घेतली जाते! क्वचित कुणाला तिच्यामुळे ताप येतो, अंगभर पुरळ उठतं, गाठी सुजतात, यकृतावरही परिणाम होतो. आणि हे गोळी सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी दिसतं, म्हणून तिचा संशयच येत नाही. तेव्हा डॉक्टरांना कालचीच नव्हे, दोन महिन्यांतली सगळी औषधं सांगा. काढा, चूर्ण, दुकानातून परस्पर आणलेली गोळी, सगळं. रिकामी पाकिटं टाकू नका, बॅच नंबर त्यांवरच असतो.

नोंद रुग्णाला स्वतःही करता येते. खात्री असण्याची गरज नाही, संशय पुरे. विनाशुल्क क्रमांक लिहून घ्या: 1800-180-3024.