बारा आणे, रोख



पदवीदानाच्या दिवशी पाहुण्याने गरुडझेपेच्या गोष्टी सांगायच्या असतात. मी बँकेत नोकरी केलेला माणूस, मला पैशावरच बोलता येतं. देश रोकडरहित व्हावा की नाही, हा वाद आपण बरीच वर्षं ऐकतो आहोत. त्यात धरून चाललेलं असतं की रोख म्हणजे मागासलेपण, मोबाइल म्हणजे प्रगती, आणि डहाणू-तलासरीचा आदिवासी त्या रांगेत सगळ्यात शेवटी. मला हे पटत नाही. इथल्या माणसांनी रोख पैसा भांडून मिळवलेला आहे.

23 मे 1945 ला इथल्याच झरी गावात हजारो वारली आदिवासी जमले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. ठरलं असं, की दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर कुणी राबायचं नाही, आणि वेठ तर करायचीच नाही. रोखीचा आग्रह का? तोवरची रीत बघा. लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघंही लग्नगडी होऊन धन्याकडे राबायची. पावसाळ्यात खावटीचं धान्य उचलायचं आणि पीक आल्यावर वाढवून फेडायचं. किती घेतलं, किती फिटलं, हे सगळं सावकाराच्या वहीत. वारल्याचा त्या वहीशी संबंध अंगठ्यापुरता. बारा आणे हातावर पडले की संध्याकाळी हिशेब मिटला. उद्या त्याच दारात जायचं की नाही, हे मजूर ठरवणार. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तरी लोक मागे हटले नाहीत.

आता 2016 कडे या. 8 नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या एकूण रकमेपैकी सुमारे 86 टक्के. आठवडाभरात जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायची बंदी झाली, म्हणजे शेतकऱ्याची जी जवळची बँक, तिचंच दार लागलं. 1 डिसेंबरला शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातलं धसई राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. मंत्री आले, कार्ड घासायची यंत्रं वाटली. नंतर तिथे गेलेल्या पत्रकारांना लोक पुन्हा नोटाच मोजताना दिसले. मला त्याचं नवल वाटलं नाही. समारंभ करून कुणाची सवय बदलत नाही.

सवय बदलली ती पुढे, गाजावाजा न होता, यूपीआयमुळे. डहाणू स्टेशनबाहेर ताडगोळे, जांभळं, पावसाळ्यात शेवळी-कर्टोली घेऊन बसणाऱ्या बाईच्या टोपलीलाही आता क्यूआर कोडचं चौकटीचं चित्र टेकवलेलं दिसतं. सुट्ट्या पैशांची कटकट मिटली, हे खरंच. पण पैसे जमा होतात ते खातं कुणाचं, हे एकदा विचारून बघा. बहुतेक वेळा मुलाचं असतं, कधी नवऱ्याचं. दिवसभर उन्हात बसायचं तिने आणि पैसे वाजणार दुसऱ्याच्या खिशात. कमरेच्या चंचीतली नोट निदान तिची तरी होती. विकत घेताना आपल्यापैकी कितीजण हा विचार करतात? मीही घाईत असलो की करत नाही.

रोखीची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. दिवाळीनंतर इथली कुटुंबं वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. शेठ आधी बयाणा देतो, तो रोखच. मग आठवड्याची खर्ची, तीही रोख. हंगाम संपला की शेठची वही सांगते, अजून इतके फेडायचे आहेत. मजुराकडे कागदाचा चिटोरा नसतो. जी रोख 1945 मध्ये सुटकेचा मार्ग होती, तीच इथे त्याला अडकवते, कारण हिशेब पुन्हा दुसऱ्याच्या हातात गेला. हाच बयाणा आणि हीच मजुरी खात्यावरून गेली, तर तारखेसकट पुरावा राहील. असा पुरावा कामगार खात्यात किंवा कोर्टात टेबलावर ठेवता येतो. म्हणून मला कुणी विचारलं, रोख की मोबाइल, तर मी उलट विचारतो: वही कुणाकडे आहे, आणि ज्याचे पैसे आहेत त्याला ती वाचता येते का?

अंगठा अजूनही चालूच आहे, फक्त आता यंत्रावर. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार असोत की रोजगार हमीची मजुरी, सेवा केंद्रावर बोट टेकवायचं आणि समोरचा देईल ते घ्यायचं. गवत कापून आणि विटा उचलून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र ओळखत नाही. सायवनकडच्या पाड्यांवर रेंज गेली की दिवस बुडाला, परत यायचं भाडं वेगळं. आत किती आले, बाहेर किती काढले, याची पावती मागायची असते हे कितीजणींना माहीत आहे?

स्वीडनमध्ये नोटा जवळजवळ दिसेनाशा झाल्या, तेव्हा मोठ्या बँकांनी रोखीची सोय चालू ठेवलीच पाहिजे असा कायदा तिथे करावा लागला. 2020 पासून तो लागू आहे. इतका श्रीमंत देश जर वीज आणि नेटवर्क बंद पडण्याच्या दिवसाची तरतूद करतो, तर पावसाळ्यात ज्यांची वीज हमखास जाते त्या आपण कासा-सायवनच्या लोकांनी नोटेची लाज का धरावी?

तुमच्यातले बरेचजण वाणिज्य शाखेचे आहेत. जमाखर्च तुम्ही शिकलात. डहाणू आणि तलासरी हे आपले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसा कायद्याचा निधी गावाच्या खात्यावर थेट जमा होतो, आणि त्याचं पासबुक पुष्कळ गावांत दोघातिघांनीच पाहिलेलं असतं. 15 ऑगस्टला ग्रामसभा असते. तिथे पासबुक मागा, नोंदी मोठ्याने वाचा, वारलीत समजावून सांगा. कुणी म्हणेल, सगळं ऑनलाइन आहे, तिकडे बघा. तरीही छापील प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका.