घाण उपसण्याचा खर्च कोणाच्या माथी?



पुनावळ्याचा कचरा डेपो लोकांनी विरोध करून अडवला. डिसेंबर 2023 मध्ये तो रद्द झाल्याचं विधानसभेत जाहीर झालं. तो तर शहराचा कचरा. कारखान्याचं विष एकदा जमिनीवर पडलं की उपसायला किती लागतात, ते भोपाळला विचारा. युनियन कार्बाइडचा 337 टन विषारी कचरा 2025 मध्ये पिथमपूरला नेऊन जाळला. मंजूर खर्च 126 कोटी. म्हणजे क्विंटलला पावणेचार लाख! त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता 7,121 रुपये.

हा नुसता पोत्यांचा हिशेब. 2010 च्या सरकारी अंदाजातली 11 लाख टन बिघडलेली माती आणि विहिरींचं पाणी त्यात धरलेलंच नाही.

म्हणून कारखाना गावात येतानाच विचारा: माती किती खोल नासेल, पाणी कुठवर, आणि भरणार कोण? ती रक्कम आधी बँकेत ठेवा, मग जमिनीचं बोला.